होमी भाभा : एका निवडीची गोष्ट



पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघालात आणि पौड मागे पडले, की काही वेळाने मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. पावसाळ्यात भोवतालच्या डोंगरांवरून असंख्य धबधबे कोसळत असतात. मुळा नदी खरे तर पूर्वेला पुण्याकडे वाहणारी. परंतु या धरणात अडवलेले तिचे पाणी बोगद्यातून आणि मोठमोठ्या नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवले जाते. डोंगराच्या पायथ्याशी, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे, ते प्रचंड वेगाने चक्रांवर पडते आणि वीज तयार होते.

हे धरण टाटांच्या कंपनीने बांधले. धरणात आपली शेते आणि घरे बुडणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो इतिहास तुम्ही जरूर वाचा. शेवटी धरण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले.

त्याच वर्षी, १९२७ मध्येच, मुंबईहून एक मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. त्याचे वय होते अवघे सतरा. टाटा घराण्याशी त्याचे जवळचे नाते होते. त्याने इंजिनिअर व्हावे आणि टाटांच्या कारखान्यात मोठे काम करावे, असे घरच्यांनी ठरवले होते. त्या मुलाचे नाव होमी जहांगीर भाभा. घरच्यांनी ठरवलेली वाट त्याने बदलली. ती कशी बदलली आणि पुढे स्वतःची वाट कशी निवडली, याची ही गोष्ट आहे. उद्या दहावीनंतर तुम्हालाही वाट निवडायची आहे. म्हणून ती नीट वाचा.

होमीचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्याही होत्या. होमी पुस्तके वाचत असे, संगीत ऐकत असे आणि सुंदर चित्रे काढत असे. मेकॅनोच्या पट्ट्या आणि स्क्रू जोडून स्वतःच्या कल्पनेने नवनवी यंत्रे बनवण्याचाही त्याला नाद होता.

होमीची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटा यांची पत्नी. दोराबजी म्हणजे जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव. आत्याच्या घरी होमीचे नेहमी जाणे-येणे असे. तेथे पोलादाचे कारखाने, धरणे आणि वीजकेंद्रे यांच्या गोष्टी चालत आणि त्या होमीच्या कानांवर पडत. हुशार भाच्याने केंब्रिजला जावे, यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, असे वडिलांना आणि दोराबजींना वाटे. त्यात वाईट काय होते? नोकरी पक्की होती, मान होता, पैसा होता. देशालाही इंजिनिअरांची गरज होती. होमी घरच्यांच्या इच्छेप्रमाणे केंब्रिजला गेला आणि अभियांत्रिकी शिकू लागला.

केंब्रिज त्या काळी भौतिकशास्त्राची राजधानीच होती. भौतिकशास्त्र म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला तबीइयात म्हणता ते शास्त्र. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख होते रदरफर्ड. अणूच्या पोटात एक अतिशय लहान आणि जड केंद्रक असते, हे त्यांनीच दाखवून दिले होते. पॉल डिरॅक हे तरुण शास्त्रज्ञही केंब्रिजमध्येच होते. इलेक्ट्रॉन कसा वागतो, हे ते गणिताच्या साहाय्याने उलगडत होते. दर काही महिन्यांनी काहीतरी नवे हाती लागत होते. होमीच्या हातात यंत्रांचे आराखडे होते, पण मन मात्र अणूत गुंतले होते.

मित्रांनो, अशा वेळी तुम्ही काय केले असते? काही मुले मन मारून घरच्यांचे ऐकतात आणि आयुष्यभर कुढत राहतात. काही मुले भांडतात आणि शिक्षण अर्धवट सोडतात. होमीने या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. १९२८ मध्ये त्याने वडिलांना एक सविस्तर पत्र लिहिले. पत्रात आदर होता, पण आडपडदा नव्हता. आपला ओढा भौतिकशास्त्राकडे आहे, त्याच कामात आपण काही मोठे करू शकू, कारखान्याचे काम आपल्या स्वभावाला मानवणार नाही, असे त्याने स्पष्ट कळवले.

वडिलांनी पत्र वाचले. ते रागावून बसले नाहीत, परंतु त्यांनी लगेच होकारही दिला नाही. त्यांनी एक अट घातली. हाती घेतलेली अभियांत्रिकीची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायची. तसे झाले, तर पुढे केंब्रिजमध्येच राहून गणित आणि भौतिकशास्त्र शिकण्याचा खर्च आपण देऊ, असे त्यांनी सांगितले.

ही अट मोठी शहाणपणाची होती. ज्याला नावडता विषयही मन लावून पुरा करता येतो, त्याची आवड ही नुसती लहर नसते. होमीने अट मान्य केली. मन दुसरीकडे असतानाही त्याने कसून अभ्यास केला. १९३० मध्ये तो अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. वडिलांनीही आपला शब्द पाळला. १९३२ मध्ये गणिताच्या परीक्षेतही होमीने पहिला वर्ग मिळवला. आता संशोधनाचे दार उघडले होते.

पण दार उघडल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. भौतिकशास्त्र म्हणजे एक सरळ रस्ता नव्हे. तो अनेक रस्त्यांचा चौक आहे. एक रस्ता उष्णतेकडे जातो, एक प्रकाशाकडे, एक चुंबकत्वाकडे, एक अणूकडे, तर एक ताऱ्यांकडे. सगळ्या रस्त्यांवर एकाच वेळी चालता येत नाही. संशोधकाला एक रस्ता निवडावा लागतो आणि त्यावर अनेक वर्षे चालावे लागते. भाभांनी निवडला विश्वकिरणांचा रस्ता.

विश्वकिरण म्हणजे काय? आपला हात पुढे करा आणि तळवा आकाशाकडे ठेवा. काही जाणवते का? काहीच नाही. तरीसुद्धा साधारणपणे दर सेकंदाला एक अतिसूक्ष्म कण तुमच्या तळव्यातून आरपार जात आहे. अंतराळातून अत्यंत वेगवान कण सतत पृथ्वीवर येत असतात. ते वातावरणावर आदळतात आणि त्यांच्यापासून नवे कण तयार होऊन जमिनीपर्यंत पोहोचतात. या किरणांचा शोध १९१२ मध्ये ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी लावला. ते फुग्यात बसून पाच किलोमीटरांहून अधिक उंच गेले. तेथे हे प्रारण जमिनीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे ते जमिनीतून नव्हे, तर वरून येत होते.

भाभांनी हाच रस्ता का निवडला असेल? त्यांच्या कामाकडे पाहिले, की तीन कारणे दिसतात. पहिले कारण असे, की येथे प्रश्न ताजे होते. १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांतच पॉझिट्रॉन सापडला. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनाएवढाच, पण धन विद्युतभार असलेला कण. एक नवा कण सापडला होता, मग आणखीही सापडतील, अशी आशा होती. दुसरे कारण म्हणजे एवढी ऊर्जा असलेले कण तयार करणारे यंत्र त्या काळी जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हते. आकाश मात्र ते फुकट देत होते. तिसरे कारण भाभांच्या स्वतःच्या अंगचे होते. गणितावर त्यांचे प्रभुत्व होते आणि या कणांचे वागणे समजण्यासाठी गणिताचीच गरज होती.

त्यांचा या विषयावरील पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कोणत्या भाषेत होता, ठाऊक आहे? जर्मन भाषेत! त्या काळी भौतिकशास्त्रातील बरेच महत्त्वाचे लेखन जर्मनमध्ये होत असे. ही भाषा आपली नाही, असे म्हणून भाभा थांबले नाहीत. तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत उर्दूतून शिकता, मराठी आणि इंग्रजीही वाचता. कधी कधी तुम्हाला हे ओझे वाटते. पण शास्त्राच्या घराला अनेक दरवाजे असतात आणि प्रत्येक भाषा ही एका दरवाजाची किल्ली असते.

१९३५ मध्ये भाभांना केंब्रिजची पीएच. डी. पदवी मिळाली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणितही त्यांनी त्याच सुमारास मांडले. जगभरातील शास्त्रज्ञ त्याला आजही भाभांच्या नावानेच ओळखतात.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम १९३७ चे. विश्वकिरणांचे मापन करताना एक कोडे पडत असे. कधी कधी एका क्षणी पुष्कळ कण एकदम येत, जणू पावसाची सरच. ही सर कोठून येते? भाभा आणि वॉल्टर हाइट्लर या दोघांनी याचे उत्तर दिले. एक वेगवान इलेक्ट्रॉन एखाद्या अणूच्या केंद्रकाजवळून जातो, तेव्हा तो प्रकाशासारख्या प्रारणाचा एक जोरदार कण बाहेर टाकतो. त्या कणापासून पुढे एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन जन्माला येतात. तेही पुन्हा तसेच करतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे कण वाढत जातात. पण ऊर्जा मात्र तेवढीच असते. एकच भाकरी आधी दोघांत, मग चौघांत, मग आठ जणांत वाटली, तर प्रत्येकाचा तुकडा लहान होत जातो. तसा ऊर्जेचा वाटा फार लहान झाला, की नवे कण तयार होणे थांबते आणि सर ओसरते. असे हे सोपे वाटणारे उत्तर. पण ते गणिताने सिद्ध करणे सोपे नव्हते.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले. परत केंब्रिजला जायचे, असा बेत होता. पण सप्टेंबर महिन्यात युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. आपले काम आता बुडाले, असे कोणालाही वाटले असते. भाभा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तेथे भौतिकशास्त्र विभागात सर सी. व्ही. रामन होते. भाभांनी तेथे विश्वकिरणांच्या संशोधनासाठी एक विभाग उभारला.

येथे त्यांनी आधी केलेल्या निवडीचे मोल कळते. त्यांचा विषय एखाद्या महागड्या परदेशी यंत्राला बांधलेला असता, तर तो भारतात आणता आला नसता. विश्वकिरण मात्र केंब्रिजवर पडतात, तसेच बंगळूरवर आणि आपल्या मुळशीवरही पडतात. इतकेच नव्हे, तर त्यांच्या अभ्यासासाठी भारताची जागा विशेष सोयीची आहे. पृथ्वी स्वतः एक मोठे चुंबक आहे. या चुंबकाचे विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे कमी ऊर्जेचे कण वळवले जातात आणि जास्त ऊर्जेचे कणच खाली पोहोचतात. म्हणून भारतात दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजमाप करत गेले, की कमी-जास्त ऊर्जेचे कण वेगळे ओळखता येतात. आपल्याकडे उंच पर्वत आहेत आणि खोल खाणीही होत्या. कर्नाटकातील कोलार येथील सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिच्यात दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, १९६५ मध्ये, भाभांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या खुणा टिपल्या. आपल्या भूमीत ज्या प्रश्नाचे उत्तर शोधता येईल, तो प्रश्न निवडणे हेही संशोधकाचे शहाणपण असते.

१९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने भाभांना आपले सदस्य करून घेतले. युद्ध संपल्यावर त्यांना परदेशात चांगली जागा सहज मिळाली असती. पण भाभांच्या मनात दुसराच विचार आला होता. आपल्या देशातील मुलांना भौतिकशास्त्र शिकण्यासाठी दरवेळी परदेशी का जावे लागावे? मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी मदत मागितली. दोराबजींचे निधन १९३२ मध्येच झाले होते. ज्या दोराबजींच्या कारखान्यात होमी गेला नाही, त्यांच्याच नावाच्या ट्रस्टने ही मदत दिली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. ती बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. कुलाब्याला समुद्रकिनारी असलेल्या तिच्या भव्य इमारतीचे उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. भाभांचे कलेचे वेड तेथेही दिसते. संस्थेच्या प्रवेशदालनात एम. एफ. हुसेन यांनी काढलेले मोठे भित्तिचित्र आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला. भाभा त्याचे अध्यक्ष झाले. तुर्भे येथे त्यांनी अणुशक्तीचे केंद्र उभारले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला, तर आशियातील ती पहिलीच अणुभट्टी होती. आता पाहा, अणुभट्टी उभारायची म्हणजे पोलाद, पाणी, पंप, उष्णता, भिंतींची जाडी या सगळ्याचा हिशेब हवा. केंब्रिजमध्ये मन मारून शिकलेली अभियांत्रिकी अशा कामांत त्यांना उपयोगी पडली. वडिलांची अट वाया गेली नाही! देशाला अणूपासून वीज मिळावी, हे भाभांचे स्वप्न होते. महाराष्ट्रातील तारापूर येथे १९६९ मध्ये ते प्रत्यक्षात आले.

ते पाहायला मात्र भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी ते एका बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ या शिखरावर कोसळले. विमानातील कोणीही वाचले नाही. भाभांचे वय होते छप्पन्न. देश हळहळला. १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. तेच आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र.

भाभांनी स्वतःची वाट निवडली आणि इतरांनाही नव्या वाटांवर पाठवले. अमेरिकेत काम करणाऱ्या गोविंद स्वरूप या तरुण शास्त्रज्ञाला त्यांनी बोलावून घेतले. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास हा स्वरूप यांचा विषय. भारतात तो तेव्हा अगदी नवा होता. स्वरूप यांनी उटीजवळ असा एक डोंगरउतार शोधला, की ज्याचा कल त्या जागेच्या अक्षांशाएवढाच, म्हणजे ११ अंश होता. त्या उतारावर उभारलेली दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहिली आणि ताऱ्याच्या मागे फिरवणे सोपे झाले. पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. आज देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी म्हणेल, भाभा श्रीमंत होते, त्यांचे ठीक आहे. हे अगदी खरे आहे. त्यांना फीची चिंता नव्हती आणि मदत करणारे नातेवाईक होते. तुमच्यापैकी अनेकांना ही सोय नाही. पण हेही लक्षात घ्या, की त्या श्रीमंतीनेच त्यांना दुसऱ्या वाटेकडे ओढले होते. आणि परीक्षेतला पहिला वर्ग त्यांना पैशाने मिळाला नाही, तो त्यांना अभ्यासानेच मिळवावा लागला.

म्हणून वाट निवडताना स्वतःला काही प्रश्न विचारा. कोणत्या विषयाचा प्रश्न सुटला नाही, तर मला चैन पडत नाही? त्यासाठी लागणारे गुण माझ्यात आहेत का, किंवा मेहनतीने येतील का? जेथे मी राहतो, तेथून हे काम कसे सुरू करता येईल? उत्तर सापडले, की ते अब्बा-अम्मींना आदराने आणि स्पष्टपणे सांगा. त्यांनी अट घातली, तर ती पुरी करून दाखवा. मुलींनो, हे तुम्हालाही तितकेच लागू आहे.

पुढे कधी मुळशीच्या काठी उभे राहाल, तेव्हा समोरच्या पाण्याकडे पाहा. त्या पाण्यात माणसाच्या हाताची करामत आहे आणि बुडालेल्या गावांचे दुःखही आहे. मग मान वर करून आकाशाकडे पाहा. तेथून विश्वकिरण अजूनही येत आहेत. त्यांतील सर्वांत जोरदार कण नेमके कोठून येतात, हे कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही. ते सोडवणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आज कोणत्या वर्गात बसली असेल, कोणास ठाऊक!

स्वाध्याय

१. वडिलांनी होमीला कोणती अट घातली? ती तुम्हाला योग्य वाटते का? कारण लिहा.
२. भाभांनी विश्वकिरणांचा विषय निवडला, त्याची तीन कारणे कोणती?
३. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी भारताची जागा सोयीची का आहे?
४. ‘मन मारणे’, ‘शब्द पाळणे’, ‘चैन न पडणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुम्हाला पुढे कोणता विषय शिकायचा आहे? तुमच्या वडिलांना किंवा आईला मराठीत पत्र लिहून कळवा.